गाडीचं तोंड वायव्येला

रशीदा शारजाला हनीफच्या गॅरेजवर गेली ती गाडीतली चूल बघायला. इंजिन, टायर, ब्रेक हे नवऱ्यानं, मोहिद्दीननं बघावं. पण ज्या घरात तीन महिने राहायचं त्याची चूल बाईनंच बघितली पाहिजे, असं तिचं म्हणणं. आणि ती गाडी म्हणजे घरच होतं. इंग्रजी बनावटीची, सायीच्या रंगाची. आत दोन बर्नरची शेगडी, बारकंसं सिंक, मोडता बिछाना, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे आणि भिंतीवरच्या हुकांना टांगलेले चार कप.

१९६८चा जानेवारी होता. दुबईत तेव्हा युरोपला सुट्टीवर जायचे ते साहेब लोक. पण मोहिद्दीन बावीस वर्षं विलायती जहाजांवर भंडारी होता, म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी. आणि आता एका इंग्रज कंपनीच्या मेसमध्ये साहेबांना मटण खिलवत होता. युरोप त्याला तळहातासारखा पाठ होता, असं तो सांगायचा. मुळात त्यानं युरोप पाहिला तो जहाजाच्या गोल खिडकीतून, तोही कांदा चिरता चिरता. हॉटेलांत हलाल मिळायचं नाही म्हणून घरच चाकांवर घालून न्यायचं, ही अक्कलही त्याचीच.

रशीदाला मात्र युरोप नको होता. तिला विलायतेतलं कार्डिफ बंदर हवं होतं. तिचा धाकटा भाऊ रफिक, तोही जहाजावर खलाशी, तिथल्या इस्पितळात न्यूमोनियानं गेला, त्याला अकरा वर्षं झाली. कंपनीचं चार ओळींचं पत्र बाणकोटला आलं, एवढंच. कबरीवर घरच्या कुणी फातिहा पढला नव्हता की मूठभर माती टाकली नव्हती. आईनं मरताना बाणकोटच्या तांबड्या मातीची पुडी रशीदाच्या हातात दिली होती. ती पुडी दुबईच्या कपाटात पडून होती, आणि ते कपाट उघडताना रशीदा रोज तिकडे बघायचं टाळत होती.

गाडीत पाऊल टाकताना रिकाम्या घराला करावा तसा तिनं सलाम केला, "अस्सलामु अलैकुम." उत्तर कुणी दिलं नाही. पण सुकलेल्या जांभळ्या फुलांचा, गोऱ्या बायांच्या कपाटात असतो तसा वास एकदम अंगावर आला, आणि वारं नसताना चारांतला एक कप हलला.

हनीफ राजापूरचा. त्यानं हात पुसले आणि नजर खाली घातली.

"भाभी, खोटं बोलणार नाही. एक साहेब ही गाडी विलायतेहून रस्त्यानं घेऊन आला होता. मेमसाब इथं तापानं गेली. त्यानं तिला इथंच पुरलं, गाडी मला विकली आणि विमानात बसला. तेव्हापासून दोन पार्ट्यांना भाड्यानं दिली. दोघेही पहिल्याच सकाळी परत. एक तर लुंगीवर आला. चावी ठेवली आणि चालत गेला बघा, न बोलता."

"काय झालं त्यांना?" मोहिद्दीननं विचारलं.

"सांगत नाहीत. म्हणून माझी एकच कंडिशन. फुजैराला जाऊन या. तीन रात्री गाडीत काढा. चौथ्या दिवशी गाडी घेऊन आलात तर तीन महिने तुमची, इन्शाल्ला. आधी पळून आलात तर खलास. भर युरोपात गाडी टाकून आलात तर मी ती कुठं शोधू?"

मोहिद्दीन रशीदाकडे बघू लागला. रशीदा शेगडी पेटवून बघत होती. ज्योत निळी आणि सरळ होती.

"चूल चांगली आहे," ती म्हणाली. "यल्ला, निघू या."

पहिला मुक्काम धैदच्या अलीकडे, सपाट वाळूवर पडला. झोपताना पाय गाडीच्या तोंडाकडे यायचे. काबा पश्चिमेला, तिकडे पाय कसे करायचे? म्हणून मोहिद्दीननं बावीस वर्षं खिशात वागवलेलं होकायंत्र काढलं आणि गाडी नेमकी पूर्वेकडे तोंड करून लावली.

पहाटे फजरच्या नमाजाच्या वेळी रशीदानं दार उघडलं तर बाहेर धुकं. असं दाट की आपलाच हात परक्याचा वाटावा. कुठून तरी ओल्या वाळूचा वास येत होता. दूरवर उंट गुरगुरत होता, पण रात्री जो उजवीकडे होता तो आता मागून ऐकू येत होता. ती खाली उतरली आणि जागीच थांबली.

गाडीचं तोंड फिरलं होतं.

काल आलेल्या चाकोऱ्या पश्चिमेकडून सरळ येत होत्या आणि गाडीच्या पोटाखाली तिरक्या संपत होत्या. वळल्याची खूण नाही, घासल्याची नाही. दवानं भिजलेल्या वाळूवर चिमणीचं पाऊलही उमटलेलं नव्हतं. कुणी पाटावरचं भांडं उचलून फिरवून ठेवावं, तशी गाडी ठेवली होती.

मोहिद्दीननं गाडीभोवती एक फेरी मारली. मग त्याचा चेहरा उजळला. "जिन आहे गं. पण नमाजी आहे! गाडीला किब्ल्याकडे वळवतो."

"आणि आपले पाय रात्रभर काब्याकडे केले, ते?"

"चादरीत होते. त्याला काय दिसणार?"

ती हसली नाही. पण चहा तिनं तिथंच केला, त्याच शेगडीवर.

दुसऱ्या रात्री ते वाडीत होते, म्हणजे डोंगरांमधल्या कोरड्या नदीच्या पात्रात. रस्ता कसला, गोटेच गोटे. मोहिद्दीननं पुन्हा पूर्व साधली, चारही चाकांना डोक्याएवढे दगड लावले, बॅटरीची वायर काढून उशाखाली घेतली आणि जिनांपासून राखणारी कुराणातली आयतुल कुर्सी तीन वेळा पढला.

सकाळी चारही दगड चारही चाकांना जसेच्या तसे घट्ट होते. वायर उशाखाली होती. आणि गाडीचं तोंड फिरलेलं होतं.

"ते यंत्र द्या इकडे," रशीदा म्हणाली. तिनं होकायंत्र गाडीच्या नाकावर ठेवलं. काटा थरथरला, थांबला. "अहो, हा किब्ला नव्हे. किब्ला त्या डोंगराकडे. हिचं तोंड त्याच्या पुष्कळ उजवीकडे आहे. वायव्येला. काल पण असंच होतं, आपण नीट बघितलं नाही. त्या बाजूला काय आहे?"

"त्या बाजूला... बसरा. मग तुर्कस्तान. मग..." बावीस वर्षांत पहिल्यांदाच मोहिद्दीनचा आवाज युरोपाचं नाव घेताना खाली आला. "विलायत."

 आत कुठेतरी कपाला कप लागला.

"रशीदा, खलास. परत जाऊ. विमानानं नेईन तुला कधीतरी."

"कधी? अकरा वर्षं 'कधीतरी'च ऐकते आहे. जायचं तर तुम्ही जा, चालत. लुंगी नेसून जा, रिवाजच आहे हनीफकडे." ती पुढच्या सीटवर जाऊन बसली. "मी उतरत नाही."

तिसऱ्या दिवशी फुजैरा आलं. किनाऱ्यावर मासेमारीच्या होड्या, सुकत घातलेल्या मासळीचा वास, आणि समोर तोच समुद्र ज्याच्या पलीकडे बाणकोट. मोहिद्दीननं गाडी समुद्राकडे तोंड करून लावली आणि तो मगरिबच्या नमाजाला गावात गेला. जाताना तीनदा मागं वळून बघितलं त्यानं.

रशीदा पुढच्या काचेतून समुद्र बघत बसली. उजेड राखाडी होत चालला होता. लाटांचा आवाज... मग तो जांभळा वास. आधी मानेवर, मग गालाजवळ.

आणि काचेतला समुद्र सरकू लागला.

हळूहळू. हादरा नाही, आवाज नाही. पाणी काचेच्या उजवीकडे सरकत गेलं, होड्या गेल्या, मग वाळू आली, मग खजुरीची झाडं. हुकांवरचे कप मात्र टांगल्या जागी निश्चल. शेजारचं स्टीअरिंग वितीवितीनं फिरत होतं, जणू कुणी थकलेल्या हातांनी फिरवत होतं.

 रशीदा ड्रायव्हरच्या जागेवर सरकली आणि तिनं स्टीअरिंग दोन्ही हातांनी धरलं. जानेवारीच्या विहिरीत हात बुडवावेत तसं थंड... आणि त्या थंडीत दहा बोटं मोजता येत होती.

"मेमसाब," ती म्हणाली. मराठीतच म्हणाली, तिला दुसरी भाषा तेव्हा सुचेना. "कळलं मला तुम्हाला कुठं जायचंय. नवऱ्यानं इथं टाकलं तुम्हाला, एकटा निघून गेला. माझा भाऊ तुमच्या मुलखात एकटा पडलाय. तुम्हालाही जायचंय, मलाही जायचंय. मग मला पळवून लावून कुणाचं भलं होणार? हनीफ गाडी भंगारात घालील, मग बसा फिरवत."

स्टीअरिंग थांबलं.

"मी नेते तुम्हाला. दारापर्यंत नेते. पण रात्री गाडी फिरवायची नाही. माझे पाय काब्याच्या अंगाला जातात. आणि पुढची सीट माझी. अंधाराला भ्यायला मला वेळ नाही, मेमसाब."

 मग हातांवरची थंडी एकेका बोटानं सुटली. खजुरीची झाडं मागे सरकली, होड्या आल्या, आणि समुद्र पुन्हा काचेत येऊन बसला.

चौथ्या दिवशी हनीफनं चावी परत घेतली नाही. 

मग बसऱ्यापर्यंत जहाज, तिथून बगदाद, तुर्कस्तान, आल्प्सचा बर्फ, फ्रान्सचा पाऊस. जिथं लावावी तिथं गाडी सकाळी तशीच. फक्त वायव्येकडचा रस्ता आला की पेट्रोल कमी जाळायची, असं मोहिद्दीन शपथेवर सांगतो. त्याच्या शपथा आपल्याला ठाऊक आहेत. पण इंग्लंडात उतरल्यावर एका खेड्यातल्या हिरव्या फाटकापाशी गाडी आपणहून बंद पडली, मागचं दार उघडलं आणि जांभळा वास ओल्या गवतावरून चालत गेला, हे रशीदानंही पाहिलं. हुकांवर तेव्हापासून तीनच कप.

कार्डिफचं कबरस्तान शहराच्या टोकाला होतं. फाटकातून आत जाताना तिनं कबरवाल्यांना सलाम केला. रफिकची कबर सापडली. तिच्या दोन्ही अंगांना आणखी कबरी होत्या, ओळच्या ओळ, दगडांवर गावांची नावं: बाणकोट, दाभोळ, हर्णै, बंगालातलं सिल्हेट. सगळे खलाशी. कुणाचं नाव पावसानं अर्धं धुतलेलं, कुणाला नावच नाही. तिनं पुडी सोडली. माती एका कबरीपुरती होती. तिनं चिमूट चिमूट सगळ्यांना पुरवली. फातिहा पढली. आणि निघताना, रडता रडता, वाटेत भेटलेल्या भावाला म्हणावं तसं, सगळ्या ओळीकडे बघून म्हणून गेली, "गाडी रिकामीच आहे रे. येता का घरी?"

दुसऱ्या सकाळी गाडीचं तोंड फिरलेलं होतं. आग्नेयेला, घराकडे.

"रफिक," ती म्हणाली, आणि पोटभर रडली. तिनं त्याच्यासाठी कप भरून ठेवला.

तिसऱ्या सकाळी तीनही कप ओले होते. चौथ्या सकाळी मागच्या स्प्रिंगा दबल्या होत्या. कोळशाचा, ओल्या दोरखंडाचा आणि तंबाखूचा वास पडद्यांत मुरला होता. फ्रान्सच्या बोटीसाठी डोव्हरच्या धक्क्याला पोचेस्तोवर गाडीचं बूड जमिनीला टेकायला आलं होतं, आणि मागचं दार काही केल्या लागेना. मोहिद्दीननं खांदा लावला, लाथ मारली. आत तर दोन पिशव्या आणि एक शेगडी. गोदीवरचा माणूस हातातला गाडीच्या वजनाचा कागद बघे, स्प्रिंगा बघे आणि मान हलवी.

"रशीदा," मोहिद्दीन कुजबुजला, "किती जणांना बोलावलंस तू?"

ती पुढच्या सीटवर ताठ बसली होती. मागं वळून बघायचा धीर तिच्यातही नव्हता. पण बाणकोटच्या होडीत गर्दी झाली की करायची, तसा तिनं आवाज चढवला:

"भावांनो, जरा सरकून बसा. सगळ्यांना नेणार आहे. पण दार लागल्याशिवाय गाडी हलायची नाही!"

मागं काहीतरी सरकलं. पुष्कळ अंगं, एकाला एक लागून. मग दार अलगद लागलं, आणि आतून कडी घातल्याचा आवाज आला.

त्या दाराला आतून कडी नव्हती.