बागेत बसवलेले बाबा

ही गोष्ट खरी आहे. रचून सांगायची असती, तर मी तिच्यात जरा बरी दिसले असते.

गेल्या थंडीच्या तोंडावरची संध्याकाळ. जागा म्हणजे आमच्या घरामागची बाग. आमची गल्ली आमच्याच घराशी संपते आणि कुंपणापलीकडे झाडी सुरू होते.

माझे सासरे त्या बागेत बसायचे.

नाही. पुन्हा सांगते.

माझ्या सासऱ्यांना आम्ही त्या बागेत बसवायचो.

मी घरी पुष्पगुच्छ बांधते. लग्नं, सत्कार, दुकानांची उद्घाटनं, सगळ्यांसाठी. गुलाब घरचेच. आणि हरणं गुलाबाच्या कळीवर जीव टाकतात. उमललेलं फूल सोडतील, कळी सोडणार नाहीत. सकाळी उठून बघावं, तर नुसते देठ. टोकं फाटलेली, ओढून तोडलेली.

आम्ही सगळं करून पाहिलं. फांद्यांना उग्र वासाचे साबण टांगले. माणसाचा वास यावा म्हणून सलूनवाल्याकडून पिशव्या भरून केस आणले आणि वाफ्यांभोवती पसरले. मासे पकडायची नायलॉनची दोरी ताणून बांधली. तिच्यात हरीण नाही, माझा नवरा अडकला आणि तोंडावर आपटला. हरणं थोडे दिवस बिचकली. मग साबणाशेजारी उभी राहून निवांत चरू लागली.

"यांना जिवंत माणूसच लागतो," नवरा नाक चोळत म्हणाला.

आणि घरात एक जिवंत माणूस रिकामा होता.

बाबा रेल्वेचे गेटमन. उभा जन्म फाटक उघडण्यात आणि बंद करण्यात गेला. गल्लीतले लोक गमतीनं त्यांना 'स्टेशनमास्तर' म्हणायचे, तेव्हा ते चिडायचे. "मास्तर नाही. गेटमन." निवृत्तीनंतर विसरायला लागले. आधी चाव्या, मग माणसं. मला कधी बहीण समजायचे, कधी नर्स. डॉक्टर म्हणाले, त्यांना काहीतरी काम द्या, आपण उपयोगाचे आहोत असं वाटू द्या.

आम्ही डॉक्टरांचं ऐकलं, असं मी लोकांना सांगते.

खरं म्हणजे माझी गिऱ्हाइकं आली की बाबा बैठकीत येऊन त्यांना गाडी कधीची आहे ते विचारायचे. कधी सदऱ्याची बटणं उघडी असायची. मला लाज वाटायची. त्यांची.

म्हणून दुपार कलली की अंगात जुना कोट, हातात काठी, आणि गुलाबांच्या मधोमध प्लास्टिकची खुर्ची. हरीण दिसलं की ते काठी आपटायचे आणि खाकरायचे. बस, एवढंच. एक कळी जायची नाही.

फक्त ते आपणहून उठायचे नाहीत.

गेटमन गेट सोडून जात नाही. दुसरा माणूस येऊन समोर उभा राहतो, "चार्ज घेतला" म्हणतो, तेव्हाच पहिला जातो. बाबा बाकी सगळं विसरले, हे नाही विसरले. खिडकीतून हाका मारा, जेवण वाढलंय म्हणा, ते हलायचे नाहीत. अंधार पडायच्या आत कुणीतरी बागेत जाऊन त्यांच्यासमोर उभं राहायचं.

"सगळं ठीक?"

"लाइन क्लिअर."

"चार्ज घेतला, बाबा."

मग ते उठायचे, कोट झटकायचे आणि घरात यायचे.

सुरुवातीला मला मौज वाटली. मग कंटाळा आला. मग "आज तू जा", "मीच का, काल मीच गेले होते" असं आमचं सुरू झालं. एकदा दोघंही हट्टाला पेटलो आणि बाबा भर पावसात बसून राहिले. शेवटी शेजारचे ड्रायव्हरकाका, पूर्वी बस चालवायचे ते, दोन घरांमधल्या कुंपणाच्या फटीतून आत आले आणि त्यांनी चार्ज घेतला.

"सूनबाई, स्टेशनमास्तर पार भिजले की!" काका ओरडले. "यापेक्षा आमच्याकडे पाठवत जा. गप्पा तरी मारू. आमची ही माझे किस्से ऐकत नाही."

"पाठ आहेत म्हणून ऐकत नाही," पलीकडून काकू म्हणाल्या.

मी हसून वेळ मारून नेली. बाबांना तिकडे पाठवलं असतं, तर कळ्या कुणी राखल्या असत्या?

आता ती संध्याकाळ.

एका नवऱ्या मुलीची आई आली होती. ऑर्डर मोठी होती. कुठला गुलाब कुठल्या पानांबरोबर, असं चाललं होतं. बोलता बोलता मी खिडकीबाहेर पाहिलं...

बागेत हरणं होती.

कडेला नव्हती. मधोमध होती. बाबांच्या खुर्चीभोवती. एक तर त्यांच्या गुडघ्याला लागून उभं होतं आणि त्यांच्या खांद्यावरून मान लांब करून कळ्या तोडत होतं.

बाबा ताठ बसले होते. काठी हातातच होती.

मी काच वाजवली. "बाबा! झोपलात का? हाकला की त्यांना!"

हरणांनी माझ्याकडे पाहिलं.

बाबांनी नाही.

हरणांना कळलं होतं. आमच्याआधी त्यांना कळलं होतं.

इथे मी सगळ्यांना सांगते की मी धावत बाबांकडे गेले.

धावत गेले हे खरं. हातात पातेलं आणि चमचा होता, वाजवायला. आधी हरणं हाकलली. मग किती झाडं ओरबाडली ते पाहिलं. मग बाबांकडे वळले.

कोट गार पडला होता. कोटाच्या आतही सगळं गार होतं.

नवऱ्यानं त्यांना उचलून घरात आणलं. नातेवाइकांना फोन केले. "बागेतच गेले. त्यांच्या आवडत्या जागी." मी शेजारी उभी राहून मान हलवत होते. ती जागा त्यांना आवडते का, हे आम्ही त्यांना कधी विचारलं नव्हतं.

सगळं उरकलं. खुर्ची शेडमध्ये गेली. बाबांच्या खोलीत मी फुलांचा फ्रीज लावला. लगेच लावला. तेही सांगून टाकते.

आणि मग माझ्या लक्षात आलं...

हरणं येत नव्हती.

म्हणजे येत होती. मऊ मातीत खुरांचे ठसे कुंपणापर्यंत असायचे. कुंपण तसं कमरेएवढंच, हरणाला ते काय अवघड? पण एकही ठसा आत नव्हता.

एकदा दिवस मावळताना मी खिडकीशी थांबले. ती झाडीतून आली, कुंपणापलीकडे रांगेनं उभी राहिली. कान टवकारलेले. सगळी एकाच जागेकडे बघत होती.

खुर्ची असायची त्या जागेकडे.

तिथे काहीच नव्हतं.

मग...

ठक्.

काठी जमिनीवर आपटावी तसं.

हरणं उधळली.

सकाळी गवत दवानं पांढरं झालं होतं. सगळीकडे. फक्त गुलाबांमध्ये एक तुकडा कोरडा होता. माणूस बसेल एवढा. त्याच्यापुढे दोन छोटे कोरडे डाग. पावलांएवढे.

मी नवऱ्याला बाहेर बोलावून दाखवलं. तो चष्म्याच्या दुकानात काम करतो. दिवसभर लोकांना "आता नीट दिसतंय का?" असं विचारणारा माणूस. तो बराच वेळ त्या डागांकडे बघत राहिला.

"त्या दिवशी त्यांचा चार्ज कुणी घेतला?"

"तू उचललंस ना त्यांना."

"उचललं," तो म्हणाला. "चार्ज नाही घेतला."

मी तशीच पुढे निघाले. आत्ताच्या आत्ता म्हणून टाकायचं, चार्ज घेतला बाबा, सुटलात तुम्ही. शब्द अगदी ओठांवर होते.

"ती ऑर्डर कधीची आहे?" नवऱ्यानं मागून विचारलं.

मी थांबले.

झाडं कळ्यांनी लगडली होती. लग्न तोंडावर आलं होतं.

"तेवढी होऊ दे," तो हळूच म्हणाला. माझ्याकडे न बघता.

मी त्याच्याशी कडाडून भांडले.

नाही. तसं झालं नाही.

मी म्हटलं, "हो. तेवढी होऊ दे."

थंडी वाढत गेली. रोज अंधारून आलं की ठक्. मग खाकरणं. मग काही दिवसांनी...

खोकला.

आधी कोरडा. मग खोल, छातीतून येणारा. मी खिडकी लावून घ्यायचे आणि रिबिनी कापत बसायचे. नवरा पलीकडे पेपर धरून बसायचा, पान उलटायचा नाही. आम्ही एकमेकांशी बोलणं जवळजवळ सोडून दिलं. एकदा तो उठला, शेडमधून जुनी घोंगडी काढून गुलाबांमध्ये ठेवून आला. सकाळी घोंगडी आमच्या दाराच्या पायरीवर होती.

नीट घडी घातलेली.

असे गुलाब माझ्या बागेत कधी आले नव्हते. नवरीच्या आईनं माझे हात हातात घेतले. "इतक्या थंडीत कशी हो राखलीत ही फुलं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "झाली आपली," मी म्हटलं.

फुलं घेऊन गाडी गेली आणि आम्ही दोघं लगेच कामाला लागलो. फ्रीज खोलीतून बाहेर ओढला. फरशी पुसली. पलंग लावला, उबदार पांघरूण घातलं. दिवा लावला. मागचं दार सताड उघडं ठेवलं. नवरा दारापर्यंत आला, पण त्याच्यानं पायरी उतरवेना.

मी एकटी गेले. त्या जागेसमोर उभी राहिले. झाडीमागे थोडा उजेड उरला होता.

"सगळं ठीक?"

'लाइन क्लिअर'ची वाट पाहिली, मग मीच पुढचं म्हटलं.

"चार्ज घेतला, बाबा. आत चला आता. खोली तयार आहे."

बराच वेळ नुसता वारा.

मग...

कापड झटकल्याचा आवाज.

माझ्यासमोर गवत दबलं. एक पाऊल. थांबून दुसरं. माझ्या अगदी जवळून, जुन्या कोटाचा वास नाकाशी ठेवून ती पावलं दाराकडे निघाली. मला हलता येईना. नवरा अंग चोरून बाजूला झाला. त्यानं वाट करून दिली.

पायरीपाशी पावलं थांबली.

"या ना, बाबा," नवरा म्हणाला. एवढा मोठा माणूस, आवाज लहान पोराचा झाला होता.

आतला उजेड पायरीवर पडला होता. तिथे कुणाचीच सावली नव्हती.

मग गवत दुसरीकडे दबायला लागलं. भिंतीच्या कडेकडेनं. सावकाश. काकांकडच्या कुंपणाच्या फटीपर्यंत.

आणि फटीतून पलीकडे.

त्यानंतर हरणं आत आली. माझ्या चहूबाजूंनी उरल्यासुरल्या कळ्या खात राहिली. मी हाकललं नाही.

सकाळी ड्रायव्हरकाकांनी कुंपणापाशी हाक मारली. काकूही बरोबर होत्या. नवरा आमच्या पायरीवर बसला होता, त्याला सगळं ऐकू जात होतं.

"घाबरू नकोस हं," काका म्हणाले, "पण आमच्याकडे कुणीतरी आलंय."

"दिसत काही नाही गं," काकू म्हणाल्या. "काल दिवे लावायच्या वेळेला व्हरांड्यातल्या बाकावर कुणीतरी खोकत होतं. इतकं खोल खोकत होतं, मला राहवेना. म्हटलं, कोण असाल ते असा, बाहेर गारठा आहे, आत येऊन बसा."

"हिनं चक्क दार उघडून आग्रह केला! मला एवढ्या वर्षांत कधी केला नाही."

"तुम्ही गेलात कधी बाहेर, आग्रह करायला?"

"मग?" मी विचारलं.

"मग काय! मांजरानं सोफ्याचा कोपरा सोडला. शेजारी बसून वर बघत घुरघुरतंय. मी आपले बसचे दोन किस्से सांगितले. शेवटपर्यंत कुणी मध्ये बोललं नाही." काका हसले. मग हसायचे थांबले. माझ्याकडे नीट बघत म्हणाले, "कोण असेल गं, सूनबाई? तुला काही अंदाज?"

त्यांच्या घरात टीव्ही मोठ्यानं चालू होता. ती दोघंही माझ्यासमोर उभी होती. घरात तिसरं कुणी राहत नाही.

काकांनी विचारलं आणि...

आत टीव्हीचा आवाज कुणीतरी कमी केला.

अगदी बारीक.

सांगता आलं असतं. एकच शब्द होता. मग काकूंनी विचारलं असतं, तुमच्याकडे का नाही आले? इतके दिवस कुठे होते? खोकला कशानं झाला?

मी मागे पाहिलं. नवऱ्यानं मान खाली घातली.

"कुणास ठाऊक, काका," मी म्हटलं. "आमच्यापैकी नसेल कुणी."



मग आत टीव्हीचा आवाज पुन्हा वाढला.

त्या फटीतून मी अजून पलीकडे गेलेले नाही.