आत एक ठोका आहे

पूर्वी इतवारी पेठेत आग लागली की लोक आगीकडे बघायचे. आता लोक पडद्याकडे बघतात. अग्निशमन दलाची लाल गाडी येऊन थांबते, टपावरची थाळी इमारतीकडे वळते, आणि गाडीच्या कडेचा टीव्हीसारखा पडदा जिथून दिसेल तिकडे गर्दी आपसूक सरकते. धूर, ज्वाळा, फुटणाऱ्या काचा, सगळं मागं पडतं. प्रत्येकाला एवढंच कळायला हवं असतं, की आत ठोका आहे की नाही.

त्या दुपारी मुरलीधर क्लॉथ मार्केटसमोर असंच झालं. इमारत तीन मजली आणि इंग्रजांच्या काळातली. लाकडी मजले, बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे खांब आणि छतापर्यंत रचलेल्या कापडाच्या गाठी. आग पहिल्या मजल्याच्या मागच्या अंगाला लागली होती. दुकानांतली माणसं पटापट बाहेर आली. व्यापारी संघाचे लोक "सगळे आले, सगळे आले" म्हणून सांगत होते. आणि पडद्यावर, दुसऱ्या मजल्याच्या पुढच्या खोलीत, एक पिवळा ठिपका लुकलुकत होता.

"कोणीतरी आहे," स्थानक अधिकारी नलिनी हेडाऊ म्हणाली. पडदा गर्दीसाठी होता. तिच्या हेल्मेटमध्ये एक इअरफोन होता, त्यात तिला तोच ठोका ऐकूही येत होता, आणि तो कुठून येतो तेही कळत होतं. चांगला ठणठणीत ठोका होता.

यंत्राचं सरकारी नाव स्पंदनशोधक. दलात त्याला सगळे वैद्य म्हणत. ते भिंतीतून रेडिओलहरी आत पाठवतं. माणसाची छाती श्वासानं किंवा काळजाच्या ठोक्यानं केसभर जरी हलली, तरी परत आलेल्या लहरीत फरक पडतो आणि तो फरक यंत्र ओळखतं. धुरातून ओळखतं, विटांमागूनही ओळखतं. वैद्य आल्यापासून कितीतरी जीव वाचले, हे नाकारायचं कारण नाही. पण त्याच्याबरोबर एक नियमही आला. पडद्यावर एक जरी ठोका असेल, तर त्या इमारतीवर बाहेरून तोफ लावायची नाही. नियम चांगल्या मनानं केला होता. तो वर्तमानपत्रांत छापून आला, आणि आपल्या लोकांनी तो वाचला. फारच नीट वाचला.

तोफ म्हणजे गाडीवरचा मोठा पाण्याचा झोत. जुन्या बाजारपेठेतली आग हाताबाहेर गेली की शेवटी तीच कामाला येते. माणसं बाहेर काढायची, भिंत कोसळली तरी अंगावर येणार नाही एवढं मागं सरकायचं, आणि चारी बाजूंनी पाणी ओतून आग जागच्या जागी बुडवायची. इमारत जाते, पेठ वाचते. पण आत कोणी असेल तर तो वाचत नाही. कापडाच्या गाठी पाणी पिऊन फुगतात, भिंतींना बाहेर ढकलतात, आणि मजला त्या ओझ्यानं खाली बसतो. बिडाच्या खांबाची तर गोष्टच वेगळी. पोलादी गर्डर तापला की वाकतो, कुरकुरतो, पळायला थोडा वेळ देतो. बीड काही बोलत नाही. तापलेल्या बिडाला गार पाणी लागलं, की गरम चहा ओतलेल्या काचेच्या ग्लासासारखा खांब तडकतो.

म्हणून नलिनीनं खेमराज बोपचेला आत पाठवलं, आणि जोडीला शकीलला. खेमराज गोंदियाकडचा पोरगा. धुरात भिंतीचा हात न सोडता कसं चालायचं, हे त्याला तिनंच शिकवलं होतं. पडद्यावर त्या दोघांचे हिरवे ठिपके जिन्यानं वर चढू लागले आणि तिच्या कानात ठोक्यांची गर्दी झाली.

"खांबांवर पाणी मारू नका," ती वायरलेसवर म्हणाली. "छतावर मारा, वाफ पुढं ढकला. मागच्या बाजूला अजिबात जायचं नाही."

"होय मॅडम."

उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात पहिल्या मजल्याचे मागचे खांब केशरी झाले होते. वारा शेजारच्या इमारतीकडे वाहत होता, दोन्हींची भिंत सामाईक होती, आणि पुढं सगळी ओळच तशी एकमेकीला चिकटून उभी. तोफेवर गजभिये बसला होता. तो सारखा वळून तिच्याकडे बघत होता. तिलाही कळत होतं, की एव्हाना पाणी सुरू व्हायला हवं होतं.

तेवढ्यात वायरलेस खरखरला.

"मॅडम, इथं एक म्हातारे गादीवर बसून आहेत. तोंडाला ओला टॉवेल, बाजूला पाण्याची बादली. खिडकीच्या गजाला स्वतःला साखळीनं बांधून घेतलंय, वर कुलूप. किल्ली देत नाही म्हणून राहिले."

"काय म्हणतात?"

"म्हणतात, मी इथं आहे तोवर तुमची तोफ लागत नाही. आग आतून विझवा, माल वाचवा."

नलिनी रागानं इतकी तापली, की हेल्मेटच्या आत कानशिलं ठणकायला लागली. एका माणसासाठी दोन जीव आत घातले होते, आणि तो माणूस हिशोब करून तिथं बसला होता.

गाडीजवळ एक चाळिशीचा गृहस्थ फोन कानाला लावून उभा होता. बाकीचे व्यापारी कपाळ बडवत होते, हा आपला पडद्याकडे बघत गप्प. आता तिच्या ध्यानात आलं.

"तुमचे कोण आहेत आत?"

"वडील," तो म्हणाला. "अण्णा. मी श्रीरंग कोत्तावार, दुसऱ्या मजल्यावरचं दुकान आमचं." त्याचा आवाज चिरकला. "मी नको म्हटलं होतं मॅडम, देवाशपथ. ते म्हणाले, माझं वय झालं, मी बसतो. लग्नसराईचा सगळा माल आत आहे. तुम्ही ठोका सोडून जात नाही, सगळ्यांना माहीत आहे."

"अहो, माझी दोन पोरं आहेत आत. त्यांचं काय?"

श्रीरंगनं मान खाली घातली. फोन मात्र कानालाच होता.

"शकील, कटर?" तिनं वायरलेसवर विचारलं.

"लावून राहिलो मॅडम. साखळी ट्रकची आहे, वेळ घेईल."

वेळच तर नव्हता. केशरी खांबांतला एक आणखी तापून पिवळा होत चालला होता. तिला शिकवलेलं सगळं सांगत होतं, पोरांना परत बोलाव. आणि बोलावलं, तर तो एक ठोका पडद्यावर तसाच वाजत राहणार, तोफ गप्प राहणार, आणि सबंध ओळ पेटणार. शिवाय ती खेमराजला ओळखत होती. माणसाला बांधलेलं सोडून तो सहजी खाली येणारा नव्हता.

ती पडद्याजवळ गेली. तिथं दोन बटणं होती. वरचं पडद्याचं, खालचं यंत्राचं. तिनं श्रीरंगकडे पाठ केली, हात आडवा धरला आणि वरचं बटण दाबलं. पडदा काळा झाला. गर्दीतून एक गलका उठला.

"वैद्य बंद केला," ती वायरलेसवर मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आता मला आत कोणी दिसत नाही. ठोका नाही, तर नियम नाही. गजभिये, तोफ सुरू कर."

गजभियेचं तोंड उघडंच राहिलं. ती गाडीवर चढून त्याच्या कानाशी म्हणाली, "शेजारच्या टिनांवर मार. या इमारतीला थेंब लागता कामा नये."

झोत सुटला. शेजारच्या गच्चीवरच्या टिनांवर पाणी असं काही आदळलं, की सगळी पेठ दणाणली. आतून ऐकणाऱ्याला ते आपल्याच डोक्यावर पडतंय असं वाटलं असणार. श्रीरंग काळ्या पडद्याकडे बघत होता. मग तो फोनमध्ये ओरडला, "अण्णा, मशीन बंद केली त्यांनी. तुम्ही दिसत नाही आता. पाणी सोडलं. अण्णा, पाया पडतो, किल्ली द्या."

नलिनी हलली नाही. तिच्या कानात तिन्ही ठोके वाजत होते. दोन जलद, पण सवयीचे. तिसरा एकदम धावत सुटला. म्हातारा घाबरला होता, आणि तिला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते दुसऱ्याच कशाचं तरी. खेमराजचा ठोकाही क्षणभर चुकला होता. तोही वायरलेसवर ऐकत होताच की.

"किल्ली दिली," वायरलेसवर शकीलचा आवाज आला. "उतरून राहिलो."

ठोके जिन्याकडे सरकले. पहिल्या मजल्याशी येऊन थांबले. मग पुन्हा हलले, आणि पुढच्या दारातून धुरानं काळे झालेले तिघं बाहेर पडले. म्हातारा मधे, त्याचे पाय जमिनीला लागतच नव्हते. ती त्यांना ओढतच रस्त्याच्या पलीकडे घेऊन गेली, आणि मग तिनं गजभियेकडे बघून हात वर केला.

तोफ इमारतीकडे वळली. फार वेळ लागला नाही. आत कुठंतरी कडाड असा एक आवाज झाला, मग दुसरा, आणि दुसरा मजला पहिल्यावर बसला. पुढची भिंत रस्त्यावर आली, मघाशी पोरं जिथून बाहेर पडली होती तिथंच. सामाईक भिंत उभी राहिली. ओळ वाचली.

अण्णा कोत्तावार फुटपाथवर बसले होते. प्राणवायूचा मुखवटा त्यांनी हातानं बाजूला केला. श्रीरंग त्यांचे पाय धरून लहान मुलासारखा रडत होता.

"बाई," अण्णा म्हणाले, "मी आत असताना मशीन बंद केली तू? जिता माणूस आत असताना?"

आजूबाजूचे व्यापारी जवळ सरकले. यातल्या प्रत्येकाची इमारत त्याच ओळीत होती, तसलेच खांब, तसलाच माल. त्यांना अण्णांची काळजी नव्हती. त्यांना उत्तर हवं होतं.

नलिनी काही बोलण्याआधीच खेमराज पुढं आला. हेल्मेट काखेत, चेहऱ्यावर काजळी, डोळे लाल.

"मॅडम," तो हळू आवाजात म्हणाला, "पडदा बंद केला होता, का यंत्र?"

तिनं त्याच्याकडे बघितलं. पडदा, एवढं म्हणायचं होतं. पोरा, तुझा एकेक ठोका ऐकत होते मी, असं म्हणायचं होतं. पण मागं सगळी पेठ कान देऊन उभी होती. पडदा म्हटलं, तर पुढच्या आगीत इथल्या प्रत्येक इमारतीत कोणीतरी साखळी घेऊन बसलेलं सापडणार. आणि सगळेच काही अण्णांसारखे आपखुशीनं बसणार नाहीत. कोणाला तरी बसवलं जाईल. नंतर एकट्यात त्याला खरं सांगावं, तर दलात एकाला सांगितलेलं चहा उकळेस्तोवर सगळ्या स्टेशनला कळतं, आणि स्टेशनला कळलेलं पेठेला.

"यंत्र," ती म्हणाली.

व्यापाऱ्यांत कुजबुज झाली. कोणीतरी हळूच मागं सरकलं. खेमराजनं मान हलवली. खाली वाकून तो नळीची गुंडाळी करायला लागला.

नलिनी त्याच्या पाठीकडे बघत राहिली. यापुढं कधीतरी ती पुन्हा एका पेटत्या दाराशी उभी राहून त्याला आत जा म्हणेल. तेव्हा तो जाईल का? आणि नाही गेला, तर आतल्या ठोक्याला ती काय उत्तर देणार?