दाखल्यावरचं नाव

ही ऐकीव गोष्ट नाही. हिंगोलीकडच्या गोरेगावात कुणालाही विचारा, उकंडरावांचं घर दाखवतील. फक्त दाखल्यावरच्या नावानं विचारू नका...

साल २००३. चैतातला मंगळवार, भर दुपार. हिंगोलीतला एक खासगी दवाखाना.

उकंडरावांच्या आधीचे चार भाऊ पाळण्यातच गेले. म्हणून आईनं पाचव्याला उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर, लोळवलं आणि नावही तेच ठेवलं. मरणानं नाक मुरडून पुढं जावं म्हणून. बारशाला कानात सांगितलेलं खरं नाव, शिवहार, घरात पुन्हा कुणी उच्चारलं नाही. शाळेच्या दाखल्यावर तेवढं राहिलं.

"त्या नावानं कुणी हाक मारली तर ओ देऊ नको, लेकरा." आई मरेपर्यंत सांगत राहिली.

आता हर्नियाचं ऑपरेशन निघालं. विमा होता, पण तो दाखल्यावरून काढलेला.

"केसपेपरवर उकंडराव, पॉलिसीवर शिवहार," काउंटरवरचा क्लार्क म्हणाला. "एकच नाव पाहिजे. नाहीतर क्लेम होत नाही."

उकंडराव नुसती नकाराची मान हलवत राहिले.

"काहून अडून राहिले?" त्यांची बायको द्वारकाबाई फणकारली. "बारा हजार मिळत असतील तर मला बी शिवहार म्हणा!"

क्लार्क हसला. त्यानं केसपेपरवरचं नाव खोडलं. ऑपरेशनच्या यादीत लागलं... शिवहार, चार वाजता.

द्वारकाबाई खाली औषधं घ्यायला थांबली. वरच्या खोलीत उकंडराव एकटेच पडले होते.

साडेतीनला लाइट गेली. पंखा घरघरत थांबला.

मग दुधाचा वास आला...

कोवळा. अंगावरच्या दुधाचा.

उजव्या कानाशी कुणीतरी हळूच म्हणालं...

"कुर्रर्र..."

बारशाला करतात तसं.

"शिवहार..."

आवाज एक नव्हता. चार होते.

ओ गळ्यापर्यंत आली होती. उकंडरावांनी खांद्यावरचा रुमाल तोंडात कोंबला आणि पोट धरून, जिना उतरून काउंटर गाठला.

"माझं नाव उकंडराव! तसंच लिहा. पैसे मी भरतो."

"अहो, येडे झाले का? कुठून भरता?"

"बैलजोडी इकीन. पर ते नाव खोडा."

द्वारकाबाई भांडायला पुढं झाली... आणि थांबली. नवऱ्याचा उजवा कान ओला होता. तिनं पदरानं पुसला.

पदराला दूध लागलं.

नाव बदलेपर्यंत चारची वेळ हुकली. ऑपरेशन शुक्रवारी झालं. नीट झालं.

घरी सोडायच्या दिवशी सिस्टर टाके बघायला आली.

"मामा, मंगळवारी कुठं गायब झाला होतात? चारला मी जुन्या यादीवरून दारातून हाक मारली. तुम्ही ओ दिलीत. स्ट्रेचर घेऊन येते तर खाट रिकामी!"

"मी तर खाली काउंटरवर होतो, बाई. हिला इचार."

"व्हय. माझ्याच जवळ होते."

"मग ओ कुणी दिली?"

उकंडरावांचा हात उजव्या कानावर गेला.

उकंडराव अजून उजवा कान उशीत दाबून झोपतात.

पॉलिसी पत्र्याच्या पेटीत तशीच आहे. द्वारकाबाईनं दोनदा फाडायला बाहेर काढली... हात धजला नाही.

त्या नावानं कुणीतरी ओ दिली आहे.

ते नाव फाडलं, तर कुणाला लागेल?