नऊ नंबरचं टेबल

सकाळी दहाला कामगारांना पुस्तक वाचून दाखवणारा वाचक सेवेरिनो ओट्यावर चढला, चष्मा पुसला, आणि सिगारच्या कारखान्यातली कुजबूज खाली आली. हात सिगार वळत राहिले, कान त्याच्याकडे लागले. या महिन्यासाठी कामगारांनी मतं देऊन सुडाची एक जुनी कादंबरी निवडली होती. म्हाताऱ्या लिबोरियोने दुसऱ्या पुस्तकाला मत दिलं होतं. पण एका मताने काय होतंय?

गोष्ट जगात चालते तशीच. एकाला पैशाची हाव, दुसऱ्याला खुर्चीची, तिसऱ्याच्या पोटात मत्सर. तिघे मिळून एका भल्या माणसाला तुरुंगात घालतात.

"तो तिसरा सगळ्यात नीच," शेजारच्या टेबलावरून देल्मिरा म्हणाली. "पहिल्या दोघांना काहीतरी मिळालं तरी. याला नुसतं जळायला मिळालं."

"काम बघ, पोरी."

ती लिबोरियोला काका म्हणायची. तिचा बाप एवारिस्तो त्याचा जिवलग मित्र. समोरच्या नऊ नंबरच्या टेबलावर बसायचा. त्याच्यासारखी सिगार सगळ्या पिनार देल रिओ प्रांतात कुणी वळत नसे. मग एका निनावी चिठ्ठीवरून त्याच्या खणात तंबाखूची उंची पानं सापडली, चोरीचा आळ आला, तो तुरुंगात गेला आणि तिथेच खोकून खोकून मेला. चोराची मुलगी हा शिक्का देल्मिराच्या कपाळी बसला. टेबल अकरा वर्षं रिकामं होतं. वाचन आवडलं की सगळे पानं कापायच्या सुऱ्या फळीवर वाजवत. एवारिस्तो मात्र सगळे थांबल्यावर दोनदा, सावकाश वाजवायचा.

"त्याने सिगारच्या कागदी कड्यामागे निळ्या पेन्सिलीने लिहिलं," सेवेरिनो वाचत होता, "नऊ नंबरचा खण उघडा."

लिबोरियोची सुरी थांबली. ती पेन्सिल त्याने अकरा वर्षांपूर्वी, चिठ्ठी लिहिली त्याच दिवशी नदीत फेकली होती.

"आत्ता काय वाचलं त्याने?"

"लग्नाच्या पंगतीचं. काका, डुलकी लागली की काय?"

अकरा वर्षं तो तिच्यासाठी रोज कॉफी आणत होता, तिच्या आजारपणात जागत होता. 'पानं मी ठेवली होती' एवढे चार शब्द मात्र त्याच्या तोंडून निघाले नव्हते. त्याला स्वतःची किळस आली. आज सांगायचंच.

तो उठला. "देल्मिरा..."

तिने मायेने वर पाहिलं.

"त्याची जीभ टाळ्याला चिकटली," सेवेरिनो वाचत होता. "तो खाली बसला."

लिबोरियो खाली बसला.

"काय हो काका?"

"काही नाही. पाय आखडला."

प्रकरण संपलं. सुऱ्या वाजल्या, थांबल्या.

मग नऊ नंबरवरून दोन ठोके आले. सावकाश.

कुणी मान वर केली नाही. फक्त देल्मिराने केली.

"बाबा असंच वाजवायचे," ती पुटपुटली आणि उठून तिकडे गेली.

खण बोटभर उघडा होता. तिने आतून निळी पेन्सिल काढली. पेन्सिलीतून पाणी ठिबकत होतं. तिच्यावर सिगारचं कागदी कडं चढवलेलं होतं.

तिने कडं सोडवून उलटं केलं. मागे निळी ओळ होती: नऊ नंबरचा खण उघडा.

अक्षर ओळखायला तिला वेळ लागला नाही. बाप गेल्यावर तिला लिहायला लिबोरियोनेच शिकवलं होतं.