चाळीस पांढऱ्या ओळी

"अगं, ही तर सगळी प्रश्नचिन्हंच उमटली!" सुरज ओरडला.

गोरेगावच्या वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर आकांक्षानं अर्धा तास खपून टाइप केलेली पुस्तकांची नावं गायब झाली होती! सरिताताई खो खो हसली. ही ताई कॉलेजात कॉम्प्युटर शिकायची आणि सुट्टीत या दोघा आठवी पास वीरांना वेब पेज बनवायला शिकवत होती.

"मराठी फाइल सेव्ह करताना युनिकोड निवडायचं, कितीदा सांगू?"

"परत करते की! मी काय दमून राहिले का?" आकांक्षानं बाह्या सरसावल्या.

वाचनालयाचं पान बनवायचा बेत होता. आकांक्षानं आधी चारशे बारा रिकाम्या ओळींचं टेबल मांडलं. पुस्तक कपाटात किंवा वाचकाकडं सापडलं, की त्याच्या नंबरापुढं नाव भरायचं आणि ओळ हळदीसारखी पिवळी करायची!

पण तिच्या मनाला एक काटा टोचत होता. मोजणीत चाळीस पुस्तकं कमी भरली होती. "हा सगळा बाईंचा हलगर्जीपणा," असं म्हणून सचिव गोपाळराव शनिवारच्या बैठकीत ग्रंथपाल रुख्मिणीबाईंना काढणार होते. तिसरीत अडखळत वाचणाऱ्या आकांक्षाला याच बाईंनी वर्षभर शेजारी बसवून रोज एक पान मोठ्यानं वाचायला लावलं होतं. त्या गेल्या तर?

शुक्रवारी दुपारी टेबल पूर्ण झालं. पान उघडलं आणि आकांक्षा खुर्चीतून उडालीच!

"सुरज, बघ! पिवळ्याच्या मधोमध पांढरा पट्टा! तीनशे एकतीस ते तीनशे सत्तर!"

"मग त्यात काय?"

"अरे येड्या, वाचक नेतो ते इथून एक, तिथून एक. ओळीनं चाळीस कोण नेईल? हा गठ्ठा कपाटात आलाच न्हाई!"

तिनं दाखल रजिस्टर काढलं. तारीख दहा एप्रिल, सही गोपाळरावांची!

रुख्मिणीबाईंनी चष्मा नीट केला. "लेकरांनो, तवा तर मी लेकीच्या बाळंतपणाला गेले होते."

आकांक्षाचे डोळे चमकले. त्या चाळीस ओळींना तिनं एक लिंक जोडली.

शनिवारी बैठक भरली. "लेकरांचे खेळ काहून दाखवून राहिले इथं?" गोपाळराव गुरगुरले.

"एकदाच बघू द्या," अध्यक्ष कोंडीबा आजोबा म्हणाले.

आकांक्षानं पांढऱ्या ओळीवर क्लिक केलं. नवं पान उघडलं. त्यावर ठळक अक्षरं होती : 'ही चाळीस पुस्तके सचिव गोपाळराव यांनी स्वतः दाखल केली. त्यानंतर ती कोणी पाहिली असल्यास कळवावे.'

"हे... हे कोण बघणार?" गोपाळराव दचकले.

"सगळं जग, काका! पुण्याचे तुमचे जावईबापूसुद्धा!"

"इंटरनेटवर चढवलंस की काय?"

"न्हाई अजून. एक बटण दाबायचं बाकी हाय."

"थांब, पोरी! आठवू दे जरा!" गोपाळरावांनी कपाळ चोळलं. "चौदा एप्रिलला जयंतीच्या ग्रंथप्रदर्शनात मांडायला मीच नेली होती. परतताना उशीर झाला, म्हणून घरी... अरे देवा! दिवाणात! गोधड्यांखाली!"

"आणि पुस्तकं नेल्याची चिठ्ठी?" आजोबांनी विचारलं.

"सचिवाला कसली चिठ्ठी, असं वाटलं... चुकलं माझं, बाई."

तासाभरात चाळीस कोरी पुस्तकं टेबलावर आली. आकांक्षानं एकेक नाव भरलं, तसा पांढरा पट्टा पिवळा होत गेला.

"शाबास! आमी म्हातारे रजिस्टर उलटत बसलो, अन् तुमी रंगानं चूक पकडली!" आजोबांनी दोघांची पाठ थोपटली. "आता नेताना सचिवसुद्धा चिठ्ठी देणार! आणि बाई कुठंच जात न्हाईत."

शेवटी पानाच्या तळाशी ते बनवणाऱ्यांची नावं टाकायची होती. "माझं मोठ्या अक्षरात!" सुरजनं बजावलं. सरिताताईचं नाव आलं, सुरजचंही आलं. पण सगळ्यांच्या वर आकांक्षानं लिहिलं : 'आम्हाला वाचायला शिकवणाऱ्या रुख्मिणीबाई यांचे मनापासून आभार.'

"मोठ्यानं वाच की," बाई पदरानं चष्मा पुसत म्हणाल्या.

आकांक्षानं वाचलं. खणखणीत, एकदाही न अडखळता!