ब्रोमाइडवरचा डाग

पटो न पटो, यातलं मी पदरचं काहीच सांगत नाही. चाकूरला माझ्या मलप्पामामांच्या घरी हे घडलं. गेल्या मार्गशीर्षात, सोमवारी, भर दुपारी.

डार्करूमला दुपार काय आणि रात्र काय!

मामा जुने फोटोग्राफर. अख्ख्या चाकूरची लग्नं त्यांनी टिपली, पण घरात नीलम्मामामींचा एकही फोटो नव्हता. कॅमेरा दिसला की मामींचा हात तोंडावर आडवा. लग्नाचा अल्बम त्यांच्या माहेरी भूकंपात गाडला गेला, आणि आधार कार्डावरचा फोटो तर कुणाचाही म्हणून खपला असता.

एकदाच मामांनी चोरून फोटो काढला. मामी डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसल्या होत्या. कॅमेऱ्याचा आवाज ऐकून भडकल्या.

"पूजेतला फोटो काढायचा न्हाई. जाळून टाका ते."

"जाळलं," मामा नंतर खोटं बोलले.

आता मामी जाऊन वर्ष होत होतं. उद्या पूजा, आणि हार घालायला फोटो नाही. मामांनी जपून ठेवलेली निगेटिव्ह काढली. फोटो छापायचे उरलेले ब्रोमाइड कागद काढले.

पहिला फोटो डेव्हलपरमध्ये सुंदर उमटला. मामांचे डोळे भरून आले. मग तो पक्का करायला हायपोत टाकला आणि...

चेहऱ्यावर तपकिरी डाग.

हायपो जुना होऊन मेला असेल म्हणून नवा कालवला.

डाग.

बोअरचं पाणी जड, म्हणून फिल्टरचा जार आणला.

डाग.

बोटांना हायपो लागला असेल, म्हणून साबणाने हात धुतले आणि कागद चिमट्यानेच उचलला.

डाग तिथेच. आणि आता त्याला... बोटं फुटली होती.

आडवा हात!

दाराबाहेरून मामींची बहीण रत्नम्मा ओरडली, "काय करायलात दाजी, सकाळपासून? अक्काला फोटो नको व्हता. सोडा आता."

"मला ती डोळ्यापुढं पाहिजे, रत्नम्मा! घर खायला उठतंय गं..."

शेवटचा कागद राहिला. हायपोत तोच हात आला. मामा ट्रेवर वाकून ढसाढसा रडले.

"नीलम्मा, पाया पडतो तुझ्या. एकदाच हात काढ."

नळाची टपटप थांबली.

बाहेर रत्नम्मा भांडी घासत होती, तोही आवाज थांबला.

आणि डाग... सरकू लागला. एकेक बोट करत बाजूला झाला.

खाली चेहराच नव्हता.

पदर होता, तळहात होता, त्यावर लिंग होतं. पदराच्या आत कोरा कागद.

मामांनी निगेटिव्ह लाल दिव्याच्या उजेडात धरली. तिथेही चेहऱ्याच्या जागी नुसतं काळं. ते धडपडत बाहेर आले.

"रत्नम्मा, कशी दिसायची गं ती? मला आठवंना!"

"असं काय करता दाजी? अक्काचं नाक..."

रत्नम्माने स्वतःच्या नाकाला हात लावून पाहिला.

"थांबा. आठवते मी..."

तिला अजून आठवलेलं नाही.

मामांनी हे सगळं मला फोनवर सांगितलं. मी मामींच्या मांडीवर वाढलो. त्यांचा आवाज माझ्या कानात आहे, भाकरी थापतानाचे हात आठवतात. मामांची समजूत घालावी म्हणून मी म्हणालो, "मामा, मी सांगतो ना..." आणि डोळे मिटले.

तेव्हापासून रोज मिटून बघतो.

हात दिसतात. चेहरा येत नाही.