आत एक जण आहे

दिवसभरात एकही खोटं बोलायचं नाही, हा माझा रोजचा नेम. म्हणून हे जसं घडलं तसंच लिहिते. पटलं नाही तर सोडून द्या.

रविवार होता. भर दुपार. कारखान्याच्या ऑफिसात मी एकटी आणि फाटकावर वॉचमन.

आमचं जुनं कॉम्प्युटरचं मशीन त्या दिवशी बंद करायचं होतं. कपाटाएवढं काळं धूड, पडद्यावर हिरवी अक्षरं. चार वाजता टेम्पो ते न्यायला येणार होता.

बाकी सगळे प्रोग्राम बंद झाले. एक होईना.

फाटकाच्या नोंदींचा. माझ्या ताईच्या यजमानांनी, म्हणजे भाऊजींनी लिहिलेला. तो एरवी नुसता वाट बघत बसतो. फाटकावर कोणी कार्ड लावून फिरता दांडा ढकलला की जागा होतो, ‘आत’ किंवा ‘बाहेर’ लिहितो, पुन्हा वाट बघतो. आग लागली तर आत कोण अडकलंय ते कळावं, म्हणून भाऊजींनी एक अट घातली होती. आत माणूस असेपर्यंत तो बंद होत नाही.

पडद्यावर आलं...

आत : १

मी नव्हे. मला वॉचमनने बाजूच्या दाराने घेतलं होतं, कार्ड लावलंच नव्हतं. मी फाटकावर फोन केला.

“काका, आत अजून कोण आहे?”

“तुम्ही आणि उंदीर. उंदरांना अजून कार्ड दिलेलं नाही.”

मी कार्डाचा नंबर उघडून पाहिला.

भाऊजींचा होता.

वर्षापूर्वी ते सकाळी कार्ड लावून आत आले आणि दुपारी खुर्चीतच गेले. त्यांना मागच्या दाराने नेलं. हजेरीतून नाव काढलं. बाहेर गेल्याची नोंद मात्र कोणीच केली नाही.

वर्षभर तो प्रोग्राम त्यांची वाट बघत होता...

साहेबांना फोन लावला. “अहो, मग बाहेरची नोंद टाका ना तुम्हीच! मधेच तोडलंत तर सगळ्या नोंदींचा विचका होईल.”

“पण ती खोटी होईल, साहेब.”

“गेलेला माणूस आत कसा असेल, बाई? खोटी तर आत्ताची आहे.”

पटलं. तरी बोटं पुढे होईनात. ताई आत्ता कुठे सावरली होती. दार लावून एकटी झोपायला शिकली होती. तिला न विचारता तिच्या माणसाला बाहेर काढणारी मी कोण?

देवाचं नाव घेतलं आणि नोंद टाकली. एक वाजून दहा मिनिटं.

खिडकीजवळ... खुर्ची सरकली.

वळून पाहिलं. तिथे खुर्चीच नव्हती. भाऊजींची खुर्ची केव्हाच भंगारात गेली होती.

मग जिन्यावर... काहीच नाही. पण ते ‘काहीच नाही’ मला एकेक पायरी उतरताना ऐकू आलं.

फोन वाजला. वॉचमन. आवाजात थट्टा नव्हती.

“बाई, तुम्ही निघालात का?”

“नाही. का?”

“फाटकाचा दांडा फिरला आत्ता... आतून बाहेर.”

नोंद मी हाताने टाकली होती. तिने दांडा फिरत नाही. फिरूच शकत नाही.

पडद्यावर आत : ०. प्रोग्राम शहाण्यासारखा बंद झाला.

दीड वाजता ताईचा फोन.

“तू येतेयस का गं?”

“नाही.”

“मग दाराशी कोण... चपला काढतंय?”

कारखान्यातून घरी जायला भाऊजींना वीस मिनिटं लागायची.

“ताई, दार उघडू नकोस!”

पलीकडे कडी निघाल्याचा आवाज आला. फोन बंद.

मी धावत गेले. ताई दारातच उभी राहिली. ठीक होती. जरा जास्तच ठीक.

“नंतर ये हं,” म्हणाली. मला आत घेतलं नाही.

इकडे चार वाजता टेम्पो मशीन घेऊन गेला. नव्या मशीनमध्ये भाऊजींचा नंबरच नाही. म्हणजे त्यांना परत आत यायचं म्हटलं, तरी... कुठे?

दोन महिने झाले. ताई रोज फोन करायची, आनंदात असायची. परवा मात्र अगदी हळू बोलली. शेजारी कोणी बसलेलं असावं तशी.

“एक विचारू? हे सांगतायत विचारायला... काम अर्धं राहिलं होतं. मधूनच बाहेर कोणी काढलं?”

‘मला माहीत नाही’ म्हणता येत नव्हतं. मी फोन ठेवून दिला.

त्यानंतर तिचा फोन उचललेला नाही. हे लिहितानाही दोनदा वाजून गेला.